परदेशवारीचा हातखर्च: कन्हानच्या एका वहीतून

नागपूरजवळच्या कन्हानमधून परदेशात जाणारी माणसं पूर्वीही होती, पण ती कामाला जात. आखातात वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून गेलेल्या मुलांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरच्या सगळ्यांनी मिळून नुसतं फिरायला जायचं, हे मात्र आता आता सुरू झालं. नागपूरहून शारजाला आणि दोहाला थेट विमान मिळू लागलं, मुंबईचा फेरा वाचला, आणि वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणीत काम करणाऱ्यांच्या घरातही ‘एकदा दुबई पाहून येऊ’ असं बोललं जाऊ लागलं.

माझे यजमान इथल्या खुल्या खाणीत आहेत, मी शाळेत शिकवते, आणि घरच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन्ही मुलं यांना घेऊन आम्ही दुबईला जाऊन आलो. तेव्हापासून कॉलनीतली कुणी ना कुणी संध्याकाळी येऊन विचारते, “मॅडम, तिकीट-हॉटेलचं कळलं. पण हातात किती न्यायचे?” एजंट बाकी सगळे आकडे कागदावर लिहून देतो, हा एक आकडा देत नाही. म्हणून वहीतून काढून जे सांगत असते तेच इथे लिहिते.

१. हातखर्च आधी बाजूला काढा, तिकीट नंतर

आमच्याकडे मोठ्या खर्चाचा विचार दसऱ्याच्या तोंडावर होतो, कारण तेव्हा कोळसा कामगारांचा बोनस जमा होतो. २०२३ साली तो ८५,००० रुपये होता, २०२४ साली ९३,७५० आणि २०२५ साली १,०३,०००. एकरकमी एवढा पैसा वर्षात पुन्हा हातात येत नाही. त्यामुळे बोनस पडला की तिकिटं काढायची घाई होते आणि ‘तिथला खर्च उरेल त्यात भागवू’ असं ठरतं. उरतं फार थोडं. मग इतक्या दूर गेलेलं कुटुंब मॉलमधल्या बाकावर बसून राहतं, मुलं दुसऱ्यांच्या हातातलं आइस्क्रीम बघत राहतात आणि बाप घड्याळ बघतो. असं एक कुटुंब मी तिथे पाहिलं. बोलणं ऐकून कळलं की आपल्याच भागातलं आहे. मला ते फार लागलं.

आम्ही क्रम उलटा ठेवला. बोनस, माझी भिशी आणि वर्षभराची बचत मिळून जी रक्कम झाली तिचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकला. हा हातखर्च, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या दोन हिश्श्यांत जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि जितके दिवस राहता येईल तितके राहायचं. दिवस कमी झाले तरी चालतील, पण तिथे पोचल्यावर प्रत्येक गोष्टीला ‘नको, महाग आहे’ म्हणावं लागू नये. तिसरा हिस्सा हा काही नियम नाही. ज्यांचं हॉटेल जेवणासकट आहे त्यांना चौथा पुरेल. पण आकडा आधी ठरावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२. स्वस्त हॉटेलचा फरक हातखर्चातून जातो

शारजा हे नाव आमच्या पिढीला क्रिकेटमुळे पाठ आहे. एप्रिल १९९८ मध्ये सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे लागोपाठ दोन शतकं केली, दुसरं तर वाढदिवसाच्या दिवशी. तेव्हा अर्धं कन्हान टीव्हीपुढे होतं. त्या शारजात विमान उतरतं आणि तिथली हॉटेलंही दुबईपेक्षा स्वस्त मिळतात. बुकिंग करताना हा फरक डोळ्यांत भरतो.

पण दुबईची मेट्रो शारजापर्यंत येत नाही. पाहायचं ते बहुतेक दुबईत, म्हणजे रोज सकाळी तिकडे जायचं आणि रात्री परत यायचं. बस आहे, पण म्हातारं माणूस आणि दमलेली मुलं घेऊन रात्री बसच्या रांगेत उभं राहणं जमत नाही, टॅक्सी होते. टॅक्सीच्या भाड्यात रस्त्यावरच्या टोलचे पैसे मिळवले जातात, आणि शारजा-दुबई रस्ता संध्याकाळी तासन्‌तास तुंबतो. आम्ही दोन्हींचा कागदावर हिशेब मांडला आणि दुबईत मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं साधं हॉटेल घेतलं. खोलीचं भाडं जास्त पडलं, रोजचा खर्च कमी झाला. कुठल्याही शहरात हॉटेल निवडताना भाड्याशेजारी रोजच्या येण्या-जाण्याचा आकडा लिहावा आणि बेरीज बघावी. एकटा भाड्याचा आकडा काही सांगत नाही.

३. अटळ खर्चाची यादी घरी बसूनच करा

हातखर्चाचे दोन भाग करावेत. एक भाग टळत नाही: जेवण, पाणी, चहा, येणं-जाणं, कर, फोन. दुसरा मनाचा: खाऊ, खेळणी, भेटी, एखादं झुल्याचं तिकीट. पहिल्याचा अंदाज घरूनच बांधता येतो. आमच्या वहीतला दिवसाचा अंदाज असा होता: नाश्ता हॉटेलात, दोन वेळचं जेवण भारतीय खानावळीत, एका वेळेला माणशी २० दिरहम, म्हणजे पाच जणांचे २००. चहा-पाणी ३०. मेट्रो-बस ८०. झाले ३१०, वर थोडी ढिलाई ठेवून ३५०. दुबईत बर दुबई आणि करामा हे भाग आपल्या खिशाचे आहेत. इडलीपासून थाळीपर्यंत सगळं मिळतं आणि पानात काय वाढलंय ते आत्याबाईंना कळतं. मॉलच्या वरच्या मजल्यावर तेच जेवण दुप्पट भावाला पडतं.

यादीत हमखास विसरला जाणारा खर्च म्हणजे ‘टुरिझम दिरहम’. दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीचे ७ ते २० दिरहम घेतात आणि ते बहुधा हॉटेलात पोचल्यावर द्यावे लागतात. तीन तारे असलेल्या हॉटेलात दर १० चा. दोन खोल्या आणि पाच रात्री धरल्या तर शंभर दिरहम. शिवाय पुष्कळ हॉटेलं अनामत मागतात. ती परत मिळते, पण कार्डावर धरून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला दिवस लागतात आणि तोवर ती आपल्या उपयोगाची नसते. मोजक्या पैशांत गेलेल्या घराला हे ठाऊक असलेलं बरं.

४. पंचविसाचा पाढा

दिरहमचा भाव अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर हललेला नाही. म्हणजे आपल्याला दिरहम महाग-स्वस्त वाटतो तो रुपया आणि डॉलर यांच्यातल्या चढउतारामुळे. तिकीट काढल्यापासून निघेपर्यंत काही महिने असतात, तेवढ्यात दर सरकतो. तो कुठे जाईल हे सांगणं आपलं काम नाही. आम्ही हातखर्चाची रक्कम हप्त्याहप्त्याने बदलून घेतली, सगळी एका दिवशी नाही. त्यामुळे मधला कुठलातरी भाव पडला आणि रोज दर बघायची धाकधूक गेली.

घरात मात्र हिशेबासाठी एकच आकडा ठरवावा आणि तो थोडा चढा, गोळाबेरजेचा असावा. आम्ही एक दिरहम म्हणजे २५ रुपये धरलं. चार दिरहम म्हणजे शंभर, हे आत्याबाईंनाही झटक्यात करता येई. त्या बाजारात उभ्या राहून भाव ऐकत, चारने भागत आणि मला सांगत, “तीन शेचं लिंबूपाणी नाही लागत आपल्याले.” धाकट्याचा पंचविसाचा पाढा त्या सहलीत जेवढा पक्का झाला तेवढा माझ्या शिकवण्याने झाला नव्हता. सारखा मोबाइल काढून हिशेब करणाऱ्याला खर्च कळतो, पण उशिरा. पाढा पाठ असलेल्या माणसाला वस्तू हातात घेण्याआधीच कळतो.

५. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा

परकीय चलन आम्ही नागपुरातच घेतलं. विमानतळावरच्या काउंटरवर भाव चांगला मिळत नाही आणि तिथे आपण अडलेले असतो. शहरातल्या अधिकृत चलन विक्रेत्यांमध्येही कुणी दर कमी सांगून वर शुल्क लावतो, कुणी शुल्क नाही म्हणून दर चढवतो. त्यात गुरफटू नये. दोन-तीन ठिकाणी फोन करून एकच विचारावं: ‘सगळं धरून ५०,००० रुपयांत माझ्या हातात किती दिरहम पडतील?’ ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे जावं.

पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट बरोबर लागतं. ५०,००० रुपयांपर्यंतचं चलन रोखीने घेता येतं, त्यापुढे बँकेतून पैसे द्यावे लागतात. या व्यवहारावर जीएसटी आहे, पण तो पूर्ण रकमेवर नाही. एक लाख रुपयांच्या चलनावर १८० रुपये होतो. कुणी त्याहून फार जास्त ‘टॅक्स’ सांगत असेल तर पावती मागावी. एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकी कार्डावर. आमच्यासारख्यांना ही मर्यादा कधीच आडवी येणार नाही. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात. परतीला नागपूरहून कन्हानला यायचं भाडं त्यातूनच द्यायचं असतं, तेव्हा थोडे ठेवावेतच.

सुट्ट्या नोटा हट्टाने मागून घ्याव्यात. पाच, दहा, वीसच्या. ५०० दिरहमची नोट चहाच्या टपरीवर काढून चालत नाही, आणि मोठी नोट मोडली की उरलेले पैसे कसे जातात ते कळत नाही.

६. कार्ड घ्या, पण घरून तयार करून न्या

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळतात. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. हे काम कन्हानमध्येच करावं, कारण ओटीपी आपल्या इथल्या सिमवर येतो आणि तिथे रोमिंग नसलं तर हातात कार्ड असूनही काही करता येत नाही. खर्चाची मर्यादाही तेव्हाच बांधून घ्यावी.

पुष्कळ कार्डांवर परदेशातल्या खर्चाला ३.५ टक्के जादा आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १०,००० रुपयांच्या खरेदीला ४१३ रुपये अधिक. एकदा ठीक आहे, रोजच्या पाण्याच्या बाटलीला नाही. दुसरं, कार्ड मशीनवर कधी कधी विचारतात, ‘रुपयांत घेऊ की दिरहममध्ये?’ रुपये दिसले की आपल्या माणसाला बरं वाटतं, पण तिथे रुपयाचा दर मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. नेहमी तिथल्या चलनातच घ्यायला सांगावं. यूपीआय अमिरातीत काही दुकानांत चालतं; ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करावा लागतो. मिळालं तर उत्तम, पण त्यावर विसंबून जाऊ नये.

७. प्रत्येकाच्या हातात त्याचे स्वतःचे पैसे

बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण हे विसरू नये असं मी सगळ्यांना सांगते.

आपल्या घरांत पैसा एका माणसाच्या खिशात असतो. इथे गावात ते निभावतं, कारण बाई भाजीतले दहा-वीस बाजूला ठेवते, मुलाला आजी देते, आजीला लेक देते. परदेशात या सगळ्या वाटा बंद होतात. पाकीट एकाकडे, बाकी चौघं त्याच्या तोंडाकडे बघणारी. आत्याबाईंनी उभं आयुष्य शेतात आणि घरात काढलं. त्यांच्या कमाईचा पैसा त्यांच्या हातात क्वचितच राहिला. अशा बाईला सहलीला नेऊन पुन्हा पाच दिरहमसाठी लेकाकडे हात पसरायला लावायचं, तर तिला नेलं कशाला?

म्हणून निघण्याआधी मी पाच पाकिटं केली. प्रत्येकात २०० दिरहम, सुट्ट्या नोटांत. लहान-मोठं असा भेद नाही. नियम दोनच: या पैशाचं काय केलं ते कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि संपले तर वरून मिळायचे नाहीत. जेवण, गाडी, ठरलेली तिकिटं हे सगळं घरच्या खर्चातून. हे पैसे निव्वळ मनाचे.

आत्याबाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “हे माहे पैशे आहेत ना? मंग कोणाले कायले विचारू?” त्या पूर्ण सहलीत त्यांनी कुणाला विचारलं नाही. देरामधल्या जुन्या बाजारात त्यांनी एका दुकानदाराशी खुणांनी आणि वऱ्हाडीत घासाघीस करून मौद्याच्या बहिणीसाठी जाड पांघरूण घेतलं. दुकानदार हिंदी बोलत होता, त्याला निम्मं कळत असावं. पण भाव त्यांनी उतरवून घेतलाच. ते पांघरूण बॅगेत मावेल का, ही चिंता मला होती. ती मी मनात ठेवली, कारण पैसे त्यांचे होते.

धाकट्याने आपले सगळे पैसे पहिल्या दिवशीच संपवले. दुसऱ्या दिवशी तो आजीजवळ गेला, तिने वीस दिरहम उसने दिले आणि माझ्या वहीत नोंद करायला लावली. घरी आल्यावर त्याने खाऊच्या पैशांतून ते फेडले. थोरलीने शेवटच्या दिवसापर्यंत एक पैसा काढला नाही आणि मग विचार करून एकच वस्तू घेतली, चित्रकलेच्या रंगांचा मोठा संच. दोघांनाही आम्ही काही शिकवलं नाही.

यजमानांचे पैसे कुठे गेले ते मला नंतर कळलं. हॉटेलजवळच्या चहाच्या दुकानावर रामटेककडची काही पोरं भेटली होती, बांधकामावर काम करणारी. रोज रात्री हे खाली जाऊन त्यांच्याबरोबर चहा घेत आणि पैसे स्वतः देत. घरच्या पाकिटातून द्यायचे असते तर त्यांना माझ्याशी बोलावं लागलं असतं, आणि मी हो म्हटलं असतं तरी ते देणं वेगळं झालं असतं.

८. महाग ते एक ठरवा, बाकी शहर स्वस्तात दिसतं

बुर्ज खलिफावर चढायचं तिकीट सूर्यास्ताच्या वेळेला जास्त असतं, सकाळी कमी. पाच जणांचं मिळून जे होतं ते आमच्या दोन दिवसांच्या जेवणाहून जास्त. मुलांना घरीच विचारलं: बुर्ज, वाळवंटाची सफर, पाण्याचा खेळ, यांतलं एक. भांडण कन्हानमध्ये झालं, त्यामुळे तिथे झालं नाही. त्यांनी वाळवंट निवडलं. बुर्ज आम्ही खालून पाहिला आणि मान दुखेपर्यंत पाहिला.

स्वस्त गोष्टींची यादी मी मुद्दाम मोठी केली होती. दुबईच्या खाडीतून ‘अब्रा’ नावाची लाकडी होडी एका काठावरून दुसऱ्या काठावर नेते. भाडं एक दिरहम, म्हणजे आपले पंचवीस रुपये. आम्ही संध्याकाळी बसलो, पलीकडे उतरलो आणि मुलांच्या आग्रहाने परत बसलो. अल फहिदीची जुनी वस्ती फिरायला पैसे लागत नाहीत. जेबेल अलीला २०२२ मध्ये सुरू झालेलं हिंदू मंदिर आणि अबू धाबीचं २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं स्वामिनारायण मंदिर, दोन्हींना प्रवेश मोफत. मेट्रोच्या अगदी पुढच्या डब्यात बसून शहर बघण्यासाठी मात्र वरच्या वर्गाचे पैसे पडतात.

९. दंड हाही खर्चच आहे

मेट्रोत खाणं-पिणं, च्युइंगम चघळणंसुद्धा, १०० दिरहम दंडाचं. बायका-मुलांच्या डब्यात पुरुष चढला तरी तेवढाच. घाईत सगळं कुटुंब एका दारातून शिरतं आणि आपल्या घरच्या माणसाला अडीच हजार रुपयांची पावती मिळते. पाणी पिऊन मगच स्टेशनात शिरायचं, आणि जमिनीवरची गुलाबी खूण बघायची, एवढं मुलांकडून पाठ करून घेतलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट सामानाची. आपण नागपूरची माणसं घरचा मसाला बरोबर नेतो, आणि सावजी मसाल्यात खसखस असते. अमिरातीत खसखस नेणं हा अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्हा आहे. त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. मसाला, खसखशीचे लाडू, अनारसे, सगळं घरी ठेवा. खर्राही घरीच; पानाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि काही वेदनाशामक गोळ्या यांना आधी परवानगी लागते. आत्याबाईंच्या रोजच्या गोळ्या मी डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटातच नेल्या. न्यावं काय, तर चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या, संत्राबर्फी. पहिल्या दिवसाचा आणि विमानतळावरचा खर्च तेवढ्याने वाचतो.

१०. सोनं हातखर्चातून नाही

दुबई म्हटलं की नात्यातल्या बायका पैसे देऊ करतात: ‘माझ्यासाठी एक चेन.’ यावर ठाम राहावं लागतं. कर न भरता सोनं आणायची जी सवलत ऐकिवात असते, पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम, ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून आलेल्यांसाठी आहे. आठवडाभर फिरून येणाऱ्या पर्यटकाला ती लागू नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरचं सीमाशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं तेव्हा दोन्हीकडच्या भावातली दरी बरीच कमी झाली होती. नागपूरच्या इतवारीत ओळखीच्या सराफाकडे पावतीसह घ्यावं; मोडायची वेळ आली तर तोच कामाला येतो. सोन्याचा बाजार बघायला जरूर जावं, बघायला पैसे पडत नाहीत.

११. भेटींची यादी आणि तराजू

कॉलनीत राहणाऱ्याला रिकाम्या हाताने परतता येत नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यांनी आपल्या मागे झाडांना पाणी घातलं, कुत्र्याला भाकरी घातली, त्यांच्या घरी काहीतरी जायलाच हवं. फक्त नावं आधी लिहावीत. आम्ही सगळ्यांना एकच वस्तू आणली, खजूर. सुपरमार्केटमध्ये किलोवर घेतले आणि घरी येऊन पाव-पाव किलोच्या पिशव्या केल्या. चकचकीत डब्यातले तेच खजूर कितीतरी महाग असतात.

विकत घेताना वजन डोळ्यांपुढे ठेवावं. स्वस्त तिकिटाबरोबर सामानाची मर्यादा कमी असते आणि विमानतळावर जादा किलोला जे मोजावं लागतं त्यात वस्तू दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखं होतं. घरचा लटकवायचा वजनकाटा आम्ही बॅगेत नेला होता. ते पांघरूण शेवटी आत्याबाईंनी विमानात अंगावर घेतलं.

तिथे भरलेला ५ टक्के व्हॅट पर्यटकाला परत मिळतो, हे खरं आहे. एका दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी हवी. पण पूर्ण कर परत मिळत नाही, काही भाग कापला जातो, आणि उरलेल्यातून प्रत्येक बिलामागे ४.८० दिरहम कापतात. २५० च्या बिलावर हातात जेमतेम पाच-सहा दिरहम येतात. मोठी खरेदी असेल तरच त्या रांगेत उभं राहावं.

१२. पॅकेज घेणाऱ्यांसाठी

पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, घेतो. ऑक्टोबर २०२३ पासून तो सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि वर २० टक्के झाला, पुढे दर बदलत गेले. बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम पाण्यात जात नाही, आयकर विवरणपत्र भरताना वळती होते किंवा परत मिळते. पण ती निघण्याआधी खिशातून जाते आणि बहुतेक घरांत हातखर्चालाच खिंडार पाडते. तिची तरतूद वेगळी ठेवावी.

१३. रोज रात्री पाच मिनिटं

झोपायच्या आधी मी वही काढत असे. दिवसाचे ३५० होते, गेले किती, उरले किती, एवढंच. उरलेले दुसऱ्या दिवशीच्या रकमेत मिळवायचे. एखाद्या दिवशी जास्त गेले तर उद्या दुपारी खानावळीऐवजी सुपरमार्केटमधली रोटी, दही आणि घरचा चिवडा. कुणाला बोल लावायचा नाही. धाकटा हिशेब मोठ्याने वाचायचा आणि आकडा जुळला की आत्याबाई “जमलं” म्हणायच्या.

परत येताना काही दिरहम उरले होते. नाणी इथे कुणी बदलून देत नाही, म्हणून ती शेवटच्या दिवशी पाण्यात आणि बिस्किटांत संपवली. नोटा परत आल्यावर १८० दिवसांत बदलून घ्यायच्या असतात. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. आम्ही ठेवल्या आहेत.

सध्या वही शेजारच्या ताईंकडे आहे. त्या घरच्यांना घेऊन लुंबिनीला निघाल्या आहेत. त्यांचं गणित सोपं आहे, कारण नेपाळी रुपया आपल्या रुपयाशी १.६ या दराने बांधलेला आहे. आपल्या शंभराचे तिथले एकशे साठ. मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळात बरीच वर्षं बंदी होती आणि नियम बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारा आणि शंभराच्या नोटांची जुळवाजुळव आतापासून करा, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांच्या घरी माणसं सहा आहेत. पाकिटं त्यांनी सहा केली आहेत.